न वळणारा बॉल

सौमित्र सरांनी टेनपिन बोलिंगचा जड बॉल पांढऱ्या टॉवेलनं रगडून पुसला आणि टॉवेल उलटा करून पाहिला. पिवळट डाग उमटला होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हे लेनवर फासतात ते तेल नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतोय. क्रांती, बॉलला तेल कोण लावतंय?"

क्रांतीनंही टॉवेल हुंगून पाहिला. मागच्या बाकावर तिचा आज्जा, आकाराम, बसला होता. मॉलमधल्या गारव्यानं त्यानं कानाला मफलर गुंडाळला होता. तो मफलर त्यानं सोडला आणि उभा राहिला. शाळेत नाव पुकारल्यावर पोर उभं राहतं तसा.

"मी," तो म्हणाला.

गेले दोन महिने क्रांतीचा बॉल वळत नव्हता. पूर्वी तो लेनच्या उजव्या कडेनं निघायचा, शेवटाला लाकडाची पकड घ्यायचा आणि झटक्यात आत वळून पिनांच्या घोळक्यात घुसायचा. आता तो नुसता सरळ घसरत जायचा. कडेच्या एक-दोन पिना पाडायचा आणि पलीकडे नाहीसा व्हायचा. पुण्याची निवड चाचणी येत्या रविवारी होती. तिथं निवड झाली की दोन वर्षं बंगळूरला राहून शिकायचं होतं. पण हात गेला, आता पुण्याला जात नाही, असं क्रांतीनं आज सरांना सांगून टाकलं होतं. तेव्हा सरांनी तिच्या हाताऐवजी बॉल तपासायला घेतला होता.

"आजोबा, असा बॉल नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं साथ देतो," सर म्हणाले. "याच्या सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. प्रत्येक खेळात तो लेनवरचं तेल पितो. म्हणून तर आम्ही सारखा पुसतो. आणि तुम्ही घरी त्याला वरून पाजताय?"

"रोज पहाटे थोडं लावतो. तडकू नये म्हणून..." आकाराम म्हणाला. वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

क्रांतीला कळायला क्षणभर वेळ लागला. मग ती इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या लेनवरची माणसं वळून पाहू लागली.

"आज्जा! लेथ हाय व्हय त्यो? सर, ह्यांचा सगळा जन्म उद्यमनगरच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलाय. दाराच्या बिजागरीला तेल, कुलपाला तेल, माझ्या सायकलीला तेल. मी आपला हात गेला म्हणून रडत हुतो, आन् ह्यो म्हातारा बॉलला अभ्यंगस्नान घालतोय!"

"पण हातात घेतल्यावर कळलं कसं नाही तुला?"

"वरनं कोरडा असतोय की सर."

सरही हसले. बॉल अजून मेलेला नाही, म्हणाले. गरम पाण्यात बसवला की प्यालेलं तेल सोडेल.

घरी येईपर्यंत क्रांतीनं फोनवर ही गोष्ट शिरोळला बापाला, धैर्यशीलला, सांगितली होती. त्यानं फोन आकारामला द्यायला लावला. "आण्णा, पोरीचा बॉल पार तळून काढला की तुमी!" तो म्हणाला आणि पलीकडे सूनही हसली. आकाराम व्हय, व्हय म्हणत राहिला. कुणीतरी रागावेल, याची तो संध्याकाळभर वाट पाहत होता. कुणीच रागावलं नाही. तेच त्याला सोसवेना.

मोरीत क्रांतीनं बॉलच्या बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. बादलीत हाताला सोसेल एवढंच गरम पाणी घेतलं. लई तापलं तर फुटतोय, म्हणाली. बॉल बुडाला. थोड्या वेळानं त्याच्या अंगावर बारीक थेंब फुटले आणि घामासारखे सुटून वर आले. पाण्यावर तेलाचे रंगीत डोळे तरंगू लागले. क्रांती कौतुकानं बघत होती. आकाराम भिंतीकडं बघत होता.

"आज्जा, मी पुण्याला जात न्हाय."

"का? बॉल बरा झाला की आता."

"बॉलसाठी न्हाय. आज्जी गेल्यापासनं ह्या घरात आपण दोघंच. मी बंगळूरला गेलो तर तुमचं काय हुईल, ह्याचा एक शब्द तुमी काढला न्हाय. उलट रोज पहाटे उठून माझा बॉल जपत बसलात. चुकीचं का असंना, पर जपलाच की. असल्या माणसाला टाकून कुठं जाऊ? हितंच खेळतो. ठरलं माझं."

तिनं त्याच्या गुडघ्यावर ओला हात ठेवला. आकारामनं त्या हाताकडं पाहिलं. तिनं इथंच राहावं, याशिवाय दोन महिन्यांत त्यानं मनाशी दुसरं काही मागितलं नव्हतं. आता ते तोंडानं न मागता मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

त्यानं वाकून बॉल बाहेर काढला. पंच्यानं पुसला. पुन्हा पुसला. अंगठा दाबून फिरवला तेव्हा तो घसरला नाही, कुरकुरला. आकारामनं बॉल क्रांतीच्या मांडीवर ठेवला. वजनानं ती किंचित वाकली.

"पुण्याला जा," तो म्हणाला. "लेथच्या पट्ट्याला तेल लागलं की पट्टा घसरतो, पोरी. त्याची पकडच सुटती. मिसरूड फुटायच्या आधीपासनं म्हाईत हाय मला."