पिवळी रेघ

"अवधूत, माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस परत कमी केलास ना?"

"मी हातही लावला नाही, निवेदिता," नवरा म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. फुल ब्राइटनेसनं स्क्रीन लवकर जाते, हे पालुपद कुणाचं?"

"माझंच. पण म्हणून चोरून बटणं दाबत फिरेन का मी?"

शब्दानं शब्द वाढला आणि अवधूत तणतणत संत तुकाराम नगरला भावाकडे निघून गेला.

निवेदिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. महाळुंग्याच्या कंपनीत ती क्वालिटीला होती. तिथं घट्ट केलेल्या नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या मार्करनं रेघ मारतात. नट कुणी हलवला की रेघ तुटते. तिनं ब्राइटनेस फुल केला, तो कमी करायच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरून तशीच रेघ ओढली. आता येऊ दे त्याला, दाखवतेच.

दाराला आतून कडी होती. बाहेर दुपारचं रखरखीत ऊन होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती स्क्रीनकडे बघत बसली.

उजेड एकेक पायरी उतरू लागला. रेघ जशीच्या तशी होती.

स्क्रीन पार काळी झाली आणि तिच्यात निवेदिताला स्वतःचा चेहरा दिसला, तिच्याहूनही जास्त संतापलेला. तिचे हात अजून मांडीवरच होते.

काचेतली निवेदिता मात्र एक बोट बटणावर दाबून बसली होती. तिनं ते सावकाश उचललं. बोटाच्या टोकाला ओला पिवळा रंग होता.