दामलाताशच्या गुहेतली पाहुणी

"त्यांच्यासमोर फार तोंड उघडू नकोस," नाझिरेनं लेकीच्या डोक्यावरच्या रुमालाची गाठ नीट करत सांगितलं. घराबाहेर पडल्यावर रेंगिननं ती गाठ सोडली आणि रुमाल पिशवीत कोंबला.

कोन्या शहरातल्या एका गालिचेवाल्याच्या घरून आज तिला बघायला कोणीतरी येणार होतं. कोण आणि किती वाजता, हे कळवायची त्यांच्यात रीत नव्हती. जुन्या वळणाचं घर ते. पूर्वी त्यांच्या बायका हमामात, म्हणजे गावच्या न्हाणीघरात, जाऊन बसायच्या आणि मुलगी कशी चालते, कशी बोलते, हे तिला पत्ता लागू न देता पाहून घ्यायच्या. आता मुली हमामात जात नाहीत, म्हणून बायका मुलगी असेल तिथं जातात. रेंगिन समुद्रकाठच्या आलान्या गावातल्या दामलाताश गुहेत पाहुण्यांना माहिती सांगायची. म्हणजे बघणारी बाई तिथंच येणार.

कोन्याला समुद्र नाही. शिवाय त्या घरची थोरली सून लग्नापासून बाजारातही एकटी गेलेली नाही, हे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

वडिलांनी एकच फट उघडी ठेवली होती. इस्तंबूलच्या एका पर्यटन कंपनीत रेंगिननं गाईडच्या कामासाठी अर्ज केला होता. ते काम आधी मिळालं तर आपण आडवे येणार नाही, असं ते म्हणाले होते. पण आधी कोन्याचा होकार आला, तर मध्यस्थाला दिलेला शब्द ते मोडणार नव्हते. कंपनीकडून अजून काही कळलं नव्हतं. तेव्हा आज कोन्याकडून नकारच मिळवायचा, असं रेंगिननं ठरवून टाकलं होतं.

गुहेत नेहमीसारखी उबदार, दमट हवा होती. दम्याचे रोगी सकाळपासून बाकांवर डोळे मिटून बसले होते. इतरांची छाती मोकळी करणाऱ्या त्या हवेत आज रेंगिनचाच जीव घुसमटत होता. छत रोजच्यापेक्षा खाली आल्यासारखं वाटत होतं.

विटका स्वेटर घातलेली एक म्हातारी पायऱ्यांवरच धापा टाकत थांबली होती. रेंगिननं तिला हात देऊन खाली आणलं, बाकावर बसवलं, पाणी पाजलं. म्हातारी घाबरली होती. तिचं लक्ष श्वासावरून उडावं म्हणून रेंगिन शेजारी बसून सावकाश बोलत राहिली. बंदराच्या धक्क्यासाठी दगड फोडताना सुरुंग लागला आणि ही गुहा उघडी पडली, हे तिनं सांगितलं. मग बंदरावरच्या लाल बुरुजाची गोष्ट सांगितली. सेल्जुक सुलतानाला हे गाव इतकं आवडलं की त्यानं गावाला स्वतःचं नाव दिलं आणि हिवाळ्यात तो इथं येऊन राहू लागला, हेही सांगितलं.

"सुलतानालाही दमा होता की काय गं?" म्हातारीनं विचारलं.

"असेल, मावशी. पण ते लिहून ठेवायची हिंमत कोण करणार?"

म्हातारी हसली. तिचा श्वास आता एका लयीत चालला होता. आपली शाल तिच्या गुडघ्यांवर टाकून रेंगिन वर आली.

गुहेच्या दारात एक बाई उभी होती. उंची कोट, गळ्यात रेशमी रुमाल. तिनं रेंगिनला नखशिखांत न्याहाळलं आणि नाव विचारून घेतलं. बाई कशाला आली आहे, हे आणखी कोणी सांगायची गरज नव्हती. रेंगिन भिंतीला रेलली आणि च्युइंगम चघळू लागली.

ही गुहा कोणी शोधली, असं बाईनं विचारलं. बकऱ्यांनी, रेंगिन म्हणाली. दिवसभर चढउतार झेपतो का? नाही, धाप लागते. म्हाताऱ्या माणसांचं करायला आवडतं का? लांबून आवडतं. चार लोक एकदम काही मागू लागले तर? तर मी ओरडते, कालच एकावर ओरडले.

बाईच्या कपाळावर आठी चढली. अशी आठी आणखी दोन-चार वेळा चढली की सुटले, असं रेंगिनला वाटलं.

"आणि घर सोडून लांब राहावं लागलं तर?" बाईनं शेवटचं विचारलं.

"जमायचं नाही. पहिल्या बसनं पळून येईन."

बाईनं गळ्यातला रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "स्पष्ट बोललीस ते बरं केलंस. निदान पुढचा घोळ टळला."

ती रस्त्याकडं वळली तेव्हा रेंगिननं च्युइंगम कागदात गुंडाळून टाकलं आणि छाती भरून श्वास घेतला. दुपारी घरी जाताना ती मुद्दाम किनाऱ्यावरून गेली. चपला हातात घेऊन, पाण्यातून चालत.

घरात पाऊल टाकलं तर कोचावर सकाळची म्हातारी चहा पीत बसली होती. मांडीवर रेंगिनची शाल घडी घालून ठेवली होती.

"ये पोरी," म्हातारी म्हणाली. "ज्याच्यासाठी तुला बघितलं तो माझा धाकटा. माझ्या थोरल्या सुनेनं मला कधी आपणहून पाण्याचा पेला दिला नाही. तू ओळखपाळख नसताना दिलास. आम्हाला मुलगी पसंत आहे."

वडिलांचा चेहरा फुलला होता. रेंगिन वाकली, थोरांना करायच्या रीतीप्रमाणे म्हातारीच्या हाताचं चुंबन घेऊन तिनं तो कपाळाला लावला. हात थंडगार होता, की तिचं कपाळ तापलं होतं, ते तिला कळलं नाही.

चहाचं निमित्त काढून नाझिरेनं तिला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि घाईघाईनं कुजबुजली.

"बाबांनी अजून होकार दिलेला नाही, मी त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलंय. सकाळी तू गेल्यावर इस्तंबूलच्या कंपनीतल्या बाई पत्ता शोधत इथं आल्या होत्या. काम तुलाच द्यायचं ठरलंय म्हणाल्या, फक्त एकदा समोरासमोर बोलायचं होतं. मीच त्यांना गुहेकडं धाडलं. भेटल्या ना गं?"