मनोऱ्याचं तिकीट

"तू नाही चढायचं!" एत्तोरेंनी लेकीचा दंडच धरला. "उद्या अकरापर्यंत या दाराच्या आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

बोलोन्यात शिकणाऱ्यांचा हा नेमच आहे. पदवी हातात पडेपर्यंत उंच मनोरा चढायचा नाही. जो चढला, त्याला पदवी जन्मात मिळत नाही. देवाधर्माला हसणारी पोरंही हे मुकाट्याने पाळतात. नोएमी सहा वर्षं या शहरात होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून तिने शेकडो वेळा पिझ्झा खाल्ला होता, पण आत पाऊल टाकलं नव्हतं.

"मला तर जाऊ द्याल ना?" मम्मा म्हणाली. "मला कोण पदवी देतंय? तुम्ही येताय का?"

"मी थांबतो पोरीजवळ. हिचा काय भरवसा, जाईल तुझ्या मागोमाग."

मम्मा तिकीट घेऊन आत गेलीसुद्धा. लाकडी पायऱ्यांवर तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळपासून एत्तोरे दोघींना शहर दाखवत फिरत होते. या कमानीखाली मी रोमन कायदा पाठ केला, या खानावळीत आम्ही राजकारणावरून भांडलो. छत्तीस वर्षांपूर्वी तेही इथेच कायदा शिकायला होते. गावी, सुलमोनात, पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्यांना 'दोत्तोरे', म्हणजे पदवीवाले, म्हणत. शिकलेल्या माणसाला तिथे नावाने हाक मारत नाहीत. उद्यापासून घरात दोन दोत्तोरे होणार होते. त्यासाठी मम्माने गावाहून वाटायला पाच किलो लाल साखरबदाम आणले होते. सोनेरी अक्षरांत नाव छापलेला नोएमीचा प्रबंध एत्तोरे सकाळपासून काखेत घेऊन हिंडत होते, कोणाच्या हाती देत नव्हते.

त्या प्रबंधाची पहिली वीस पानं तेवढी तिची होती. बाकीची कुठून कुठून उचललेली. उद्या अकरा वाजता पदवीच्या समारंभात तिची वाट कोणीही पाहणार नव्हतं. पहिल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली आणि फोनवर पास झाले म्हणाली, कारण पप्पांनी "हॅलो" म्हणायच्या आधीच "शाब्बास" म्हटलं होतं. मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. तारीख पुढे ढकलण्यासाठी तिने गेल्या वर्षी आपल्या प्राध्यापकांच्या आईला फोनवर मारून टाकलं होतं. आता तर मारायलाही कोणी उरलं नव्हतं.

"चल, मम्मा खाली येईपर्यंत आपण कॉलेजात जाऊन येऊ," एत्तोरे म्हणाले. "उद्याच्या नावांची यादी फलकावर लागली असेल. तुझ्या नावाचा फोटो काढतो. काकांना पाठवायचाय."

नोएमीने घड्याळ पाहिलं. "बंद असेल आता, पप्पा."

"चार वाजता? मला शिकवतेस इथलं? पाच मिनिटांचा तर रस्ता." त्यांनी तिचा हात धरला. ते चांगलेच रंगात आले होते.

रस्ता पाच मिनिटांचाच होता. तिला ताप आणता आला असता, चक्कर आणता आली असती. पण यादी उद्याही तिथेच असणार होती. खरं सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं.

तिने हात सोडवून घेतला आणि ती तिकिटाच्या खिडकीशी गेली.

"एक द्या."

खिडकीतल्या बाईने आधी एत्तोरेंच्या काखेतला प्रबंध पाहिला, मग तिच्याकडे. "पदवी झाली का गं?"

"नाही."

"मग मुकाट्याने घरी जा बाई, उगीच माझ्या डोक्यावर पाप नको. उद्या ये डोक्यावर पदवीचा, लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून. फुकट सोडते तुला."

रांगेतली माणसं हसली. एत्तोरेही हसले. "ऐकलंस? ही अस्सल बोलोन्याची आहे."

"मला आजच जायचंय," नोएमी म्हणाली. "द्या ना."

तिने नाणी पुढे सरकवली. बाईने खांदे उडवले आणि तिकीट फाडलं.

"अगं, चेष्टा पुरे," एत्तोरे म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

इथे न शिकलेला बाप असता तर त्याला काही कळलंही नसतं. पोरीला वर जायचंय, जाऊ दे, म्हणाला असता. एत्तोरेंचं हसू मात्र जागच्या जागी विरलं. काखेतला प्रबंध घसरला, तो त्यांनी कसाबसा सावरला.

"किती विषय राहिलेत?" त्यांनी विचारलं.

"सात."

रांगेतल्या कोणीतरी मागून "चला, चला" केलं. त्यांनी आरडाओरडा करावा, सगळ्यांदेखत एक ठेवून द्यावी, असं नोएमीला वाटत होतं. एत्तोरे प्रबंधावरचं सोनेरी आडनाव अंगठ्याने पुसत राहिले, धूळ नसताना.

"येताय का कोणी?" आतून, कुठल्याशा वळणावरून, मम्माची हाक आली. "मी दमले हं! इथेच बसलेय!"

एत्तोरेंनी पाकीट काढलं आणि ते खिडकीकडे वळले.

"आणखी एक."

"पप्पा, तुम्ही नका येऊ," नोएमीला रडू फुटलं. "जे बोलायचं ते इथेच बोला. तुम्ही काय, शंभरदा चढला असाल."

"एकदाही नाही," एत्तोरे म्हणाले. त्यांनी तिकीट घेतलं. "माझे अजून तीन राहिलेत."