तिसरं वळण

“तुमच्या भुतांना आता गुडघेदुखी लागलीय, ताई. सोडा की त्यांना घरी,” लूप म्हणाला आणि त्याच्या बाजूच्या बाकांवर हशा पिकला.

ताईचं डोकं सणकलं. लूप म्हणजे रोलर कोस्टरवाल्या पोरांचा म्होरक्या. तिनं हे पार्कवेड्यांचं मंडळ काढलं तेव्हा त्याचे दुधाचे दात पडायचे होते. आज तोच तिच्यासमोर पाय पसरून बसला होता. त्याच्या मागच्या भिंतीवर पार्कच्या विस्ताराचा नकाशा होता, आणि नकाशात भूतबंगल्याच्या जागी नव्या कोस्टरचं लाल वेटोळं. जागा एकच आहे, तुम्हीच हात वर करून ठरवा, असं पार्कच्या मॅनेजरनं सांगितलं होतं आणि तो घड्याळ बघत कोपऱ्यात उभा होता.

“तुमची गाडी पन्नास सेकंदांत संपते,” ती म्हणाली. “रांग दोन तासांची. त्यापेक्षा रांगेचंच तिकीट काढा.”

आता तिच्या बाजूचे हसले. त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण. कुणी म्हणालं, भूतबंगल्यात आता फक्त कुबट वास घाबरवतो. कुणी म्हणालं, उंचावरून किंचाळायला अक्कल लागत नाही. एकीनं लूपचं खानदान काढलं. बाक सरकले. बाजूच्या खोलीतून रखवालदार डोकावून गेला.

ताईचा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. चार वर्षांपूर्वी बंगल्यातला हात बंद झाला होता. भूतबंगल्यात रुळांवरून फिरणारा डबा तिसऱ्या वळणावर आला की भिंतीतल्या भोकातून एक गारढोण हिरवा हात यायचा आणि थेट खांद्यावर पडायचा. लोक बोंबलायचे. दहा वर्षांच्या ताईनं मात्र एका रविवारी तो रबरी हात पकडला आणि त्याची करंगळी करकचून पिळली. पुढे मंडळात ती रीतच पडली. करंगळी पिळल्याशिवाय कुणी सभासद व्हायचा नाही. पिळून पिळून ती कायमची वाकडी झाली, आणि तोच वाकड्या करंगळीचा हात मंडळाच्या बिल्ल्यावर आला. लूपच्या छातीवरही तो होता.

“एक स्प्रिंग बदलायला जिवावर येतं यांच्या, आणि कोस्टर बांधायला निघालेत,” ती मॅनेजरकडे न बघता म्हणाली. “बंगला राहील, आणि हात परत सुरू होईल. दोन्ही पाहिजे.”

मॅनेजरनं मान डोलावली. बंगला राहिला तर हातही सुरू करू, त्यात अवघड काही नाही, असं तो म्हणाला. आणि मतं घेतली.

भूतबंगल्याच्या बाजूनं एकतीस. कोस्टरच्या बाजूनं एकतीस.

ताई मनातल्या मनात हसली. ती काही रिकाम्या हातानं आली नव्हती. पार्कमधून निवृत्त झालेल्या माणसालाही मत आहे, हे कलम तिनंच नियमांत घातलं होतं. आणि शेवटच्या बाकावर तिची आई बसली होती, मांडीवर नातीला घेऊन. अठरा वर्षं पार्कच्या धुलाईखात्यात होती बिचारी. पोशाखांचा रंग नखांत घेऊन घरी यायची. तिच्याच पासावर ताई दर रविवारी पार्कात फुकट हुंदडली होती. आईला मत कशावर द्यायचं ते सांगायचीही गरज नव्हती. इतकी भांडणं पेटली होती आणि ती डाव्या हातानं सावकाश नातीच्या झबल्याची बटणं लावत होती.

“आई, तुझं राहिलं,” ताई म्हणाली.

आईनं शेवटचं बटण लावलं. “बंगला पाडायला ज्यांची हरकत नाही, त्यांच्यात धरा मला.”

कुणीतरी शीळ घातली. लूपच्या पोरांनी बाक बडवले. ताईच्या कानशिलांत आग उठली. एवढ्या लोकांत, आपल्याच आईनं. ती बाकांमधून तरातरा मागे गेली.

“कळतंय का तुला, तू काय बोलतेयस?”

“कळतंय. वर करायचा ना हात?”

आईनं शालीतून उजवा हात काढून वर केला. चार बोटं सरळ झाली. करंगळी आडवीच राहिली, मधल्या पेरात मोडल्यासारखी. दारात सापडली होती, असं तिनं फार वर्षांपूर्वी घरी सांगितलं होतं.

लूपनं त्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. त्यानं पसरलेले पाय गुपचूप आवरून घेतले. बाक बडवायचे थांबले.

“यंत्र पहिल्याच महिन्यात मोडलं होतं,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मग भोकामागे मला बसवलं. हाताला हिरवा रंग फासून तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि डबा आला की बाहेर काढायचा. मी निवृत्त झाले आणि हात बंद पडला. आता तुम्ही म्हणताय परत सुरू करा. म्हणजे आणखी कुणाला तरी बसवतील.”

मॅनेजर नकाशाची सुरळी करू लागला.

ताईला राग आवरेना. तो कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून समोर होती तिच्यावरच निघाला. “सांगायचं नाही का मग? निदान मला?”

“आतलं बाहेर बोलणार नाही, अशी सही घेतली होती.”

“मग हात तरी मागे घ्यायचास.”

आईनं नातीच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

“रविवारी पहिल्या डब्यात तूच असायचीस. काय खळखळून हसायचीस गं. मग नाही घ्यायचे मागे.”