सरांच्या घरची चिठ्ठी

फार्मसीच्या तोंडी परीक्षेत सरांनी त्यांच्या डॉक्टर बायकोनं लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. त्यातली औषधं ओळखली तरच पास. अकरा जणांनी धडाधड नावं ठोकून दिली आणि सर मान डोलावत राहिले. दोनदा नापास झालेली आमची नात मात्र चिठ्ठी उलटसुलट करून रडवेली झाली.

“सर, रागावू नका, पण यात औषधच नाही. कपड्यांचा साबण, दोन झाडू आणि ‘हात हलवत घरी येऊ नका’ एवढंच लिहिलंय.”

सरांनी चष्मा पुसला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली.


“पोरी, तू पास! पण मग याच चिठ्ठीवर औषधवाल्यानं दिलेल्या गोळ्यांनी माझा खोकला कसा गं थांबला?”