ज्याचं त्यानं समजून घ्यायचं

"हे टेबल उलटं काहून ठेवलं?" देवरावांनी विचारलं.

रामदासपेठेतल्या त्या चित्रांच्या गॅलरीत गुंजन नुकतीच नोकरीला लागली होती. असा प्रश्न विचारणारा कुणीतरी रोज भेटायचाच. तिनं कॉम्प्युटरमधून मान वर केली नाही.

"ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतं," ती हळू आवाजात म्हणाली.

हॉलच्या मधोमध चारही पाय वर केलेलं एक टेबल आणि मागच्या भिंतीवर काळाकुट्ट कॅनव्हास, एवढंच होतं. बाजूच्या पाटीवर 'अनुपस्थितीच्या अवकाशाशी संवाद' असं छापलेलं. देवरावांनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, पाटीचा नादच सोडला होता. त्या भिंतीपेक्षा गुंजनकडेच जास्त पाहत होत्या. ही पोरगी तरी काही उलगडून सांगेल, अशी बिचाऱ्यांना आशा असावी.

आपलं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तू कुठली, असंही विचारलं. गुंजननं "वाडी" एवढंच म्हटलं आणि मान खाली घातली. जरा वेळ घुटमळून दोघं निघून गेली.

ती गेली आणि गुंजनच्या मनाला टोचणी लागली. कॉलेजात असताना ती स्वतः अशाच एका प्रदर्शनाला गेली होती. 'हे काय आहे?' असं तिनं विचारलं, तर तिथली बाई अशी काही हसली की गुंजन पुढची चित्रं न पाहताच बाहेर पडली. तिचे वडील तर अजूनही तिला घ्यायला येतात, तेव्हा फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहतात. आत या म्हटलं की म्हणतात, आपलं काय काम तिथं. आणि आज त्यांच्याच वयाच्या माणसांना तिनं वाटेला लावलं होतं. घरी जेवण गोड लागलं नाही. आपण त्या बाईसारख्याच झालो, याची तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दारात दिसली, तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. तिनं खुर्च्या मांडल्या, स्वतः चहा करून आणला आणि गॅलरीतली पुस्तकी भाषा गुंडाळून ठेवली.

"काका, काल मी नीट बोलली नाही. मलेही हे पहिले समजलं नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. चित्रकाराच्या वडलांचं चहाचं हॉटेल होतं. रात्री झाडलोट करताना ते टेबलं अशी उलटी करून ठेवत. पुढे रस्ता रुंद झाला आणि हॉटेल गेलं. काळा कॅनव्हास म्हणजे शटर पाडल्यावरचा आतला अंधार. एवढी साधी गोष्ट त्या पाटीनं झाकून टाकली, हेही ती बोलून गेली. पाटीवरून आपण गॅलरीच्या मालकांशी कसं भांडलो, चित्रकारालाही तोंडावर कसं सुनावलं, तेसुद्धा तिनं रंगवून सांगितलं.

भांडणाचं ऐकल्यापासून देवराव नुसतं "हो का, हो का" करत होते. शोभाताईंचा चहा निवत चालला होता. अजून त्यांना अवघड जातंय असं वाटून गुंजननं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शोभाताईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"बस वं बाई," त्या म्हणाल्या. "तू एवढ्या मायेनं सांगून राहिली, अन् आमी तुले फसवून राहिलो. हा चहा घशाखाली उतरत नाही मह्या. आमी चित्रं पाहाले आलोच नव्हतो. आमच्या पोरासाठी, स्वानंदसाठी, तुले पाहाले आलो होतो."

 देवराव उठून दाराशी गेले होते. गुंजनकडे न बघताच ते म्हणाले, "काल तू मान खाली घालून दोन शब्द बोलली, तवाच आमचा होकार पक्का झाला होता."