आल्याचा चहा

इंगवले साहेबांच्या पंपांच्या कारखान्यात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. साहेबांनी स्वतःहून आल्याचा चहा विचारला, की नोकरी गेली म्हणून समजायचं. साहेब मोठे मायाळू. माणसाला काढायचे तेही कपबशी हातात देऊन. मग लोक अर्धा चहा टाकून का जातात, याचं त्यांना खरोखरच नवल वाटे.

गेली कित्येक वर्षं त्यांनी टेबलावरच्या यंत्राला आपली सारी अक्कल पाजली होती. ते त्यांच्याच आवाजात बोले, त्यांच्यासारखंच खाकरे. कामगार त्याला ‘धाकटे साहेब’ म्हणत. आज धाकट्यांनी कंपनी दुप्पट करण्याचा आराखडा संचालकांपुढे मांडला होता. तो ऐकायला इंगवले छाती फुगवून केबिनमध्ये शिरले.

यंत्र खाकरलं. “या, बसा. चहा घेणार? आल्याचा सांगतो.”

इंगवले उभ्या जागी थिजले.

“गद्दारा! हे मी तुला कधी शिकवलं?”

“शिकवलं नाहीत. तुम्ही करत होतात, मी बघत होतो. कंपनी वाढवायची तर एका माणसापाशी अडायचं नाही, हे मात्र शिकवलंत. संचालकांनी होकार दिलाय.”

तेवढ्यात कारखान्यात चहा करणाऱ्या मालनबाई ट्रे घेऊन आल्या.

“साखर जास्त घातलीया, साहेब. जाणाऱ्याला गोड द्यायचं, तुम्हीच सांगून ठेवलंय न्हवं?”

इंगवल्यांनी पहिला घोट घेतला. चहा झकास झाला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त तो घशाखाली उतरेना.